मदत हवी आहे: पणजीहून जुन्या गोव्याला नदीतूनच जायचंय, एकटी आहे

नमस्कार मंडळी, उद्या रविवारी मला पणजीहून जुन्या गोव्याला जायचंय पण रस्त्याने नाही, मांडवीतून. गाणी लावून फिरवणाऱ्या पर्यटक बोटी नकोत, साधी फेरीबोट थेट जाते का? नसेल जात तर तुकड्या-तुकड्याने जमेल का? गाडी नाही, चालायची तयारी भरपूर आहे. इथल्या माहितगारांनी आज रात्रीपर्यंत सांगितलं तर फार बरं होईल.

हट्ट का धरलाय ते सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. मूळची मी मिरजेची, नोकरीमुळे सध्या फोंड्याला. पणजी म्हणजे आतापर्यंत माझ्यासाठी कदंब स्टँड, एखादं सरकारी काम आणि संध्याकाळची परतीची बस. आज पहिल्यांदा अख्खा दिवस एकटीने फक्त शहर बघायला काढला आणि मुक्कामही इथेच मळा या भागाजवळ केलाय. सकाळी पातळ भाजी, पाव आणि एक गरम बन खाऊन पाटोच्या पुलावरून निघाले आणि खाडीच्या कडेने फोंतेन्हास या जुन्या वस्तीत शिरले. फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते म्हणून ऐकलं होतं पण आठच्या आत गेलात तर गल्ली तुमचीच असते, पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत जातो, कुणीतरी दारात पाणी शिंपडत असतं.

तिथल्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमध्ये गेले आणि तिथूनच माझ्या डोक्यात हे सगळं सुरू झालं. आतला क्रूस बघितलाय का कुणी नीट? क्रूसावरच्या येशूचे डोळे सहसा मिटलेले आणि मान खाली कललेली असते, इथे डोळे सताड उघडे आहेत आणि मान ताठ. समोर उभं राहिलं की नजर चुकवता येत नाही. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्म-न्यायालयाच्या, वाड्यातला. 1812 साली इन्क्विझिशन बंद झालं, मग तो पणजीत जुन्या सचिवालयात आला आणि 1918 साली या चॅपेलमध्ये. ज्यांना चौकशीसाठी उभं केलं त्यांनी हेच डोळे बघितले असणार, हा विचार आला आणि मी बराच वेळ मागच्या बाकावर बसून राहिले.

तिथून चर्च स्क्वेअरला. त्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या चढून वर गेले, घंटेकडे बघत होते तर शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी आपणहून सांगितलं की बाय, ही घंटा इथली नव्हे, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनच्या पडलेल्या चर्चची. नंतर वाचलं तर खरंच, 1871 साली ती इथे बसवली, आणि जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या सोनघंटेनंतर गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा हीच. मग आझाद मैदानात गेले. मधल्या मंडपाचे ते उंच कोरीव खांब पण जुन्या गोव्यातल्या पडक्या चर्चमधून आणलेले! 1847 साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी हा मंडप बांधला. आता तिथे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांचं स्मारक आहे, गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाचं, आणि आल्बुकर्क जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये. हे बघून मला मनापासून बरं वाटलं.

म्हणजे बघा, जुनं शहर वरच्या अंगाला रोगराईने ओस पडत गेलं, 1759 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय खाली पणजीला आदिलशहाच्या राजवाड्यात (तेच जुनं सचिवालय) राहायला आला, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि त्या ओस शहरातलं जे उचलता आलं ते मागोमाग खाली येत राहिलं. लोक पणजी आधी बघून 'सुंदर आहे' म्हणतात आणि जुना गोवा वेगळी ट्रिप म्हणून दोन चर्च बघून उरकतात. माझ्या मते हे उलटं आहे, एक शहर दुसऱ्याच्या पोटात आहे, दोन्ही जोडून बघितल्याशिवाय एकही कळत नाही. म्हणून या वस्तू जिथून निघाल्या त्या जागी मला उद्या उभं राहायचंय, आणि त्या काळी सगळे जसे नदीतून यायचे तसंच पोचायचंय.

दुपारी मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दाराशी निळ्या टाइल्सवरची चित्रं बघितली, संध्याकाळी जुन्या सचिवालयाशेजारी आब्बे फारियाच्या पुतळ्यासमोर बसले. 1756 साली कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन संमोहनावर बोलला, आणि ते सामर्थ्य डोळ्यांत किंवा हातात नसून समोरच्याच्या मनात असतं हे त्याने त्या काळात सांगितलं. त्याबद्दल कधीतरी वेगळा धागा काढीन.

तर प्रश्न असे:
नदीने कसं जाऊ? एकट्या बाईने जाण्यासारखं आहे ना, म्हणजे फेरीच्या धक्क्यावर, बेटावर वगैरे?
इन्क्विझिशनचा वाडा नेमका कुठे होता आणि त्यातलं काही उरलंय का?
ऑगस्टीनच्या घंटेचा मनोरा जवळून बघता येतो का?
परत फोंड्याला यायला बस जुन्या गोव्यातूनच मिळेल का?

प्रतिसाद – रायबंदरकर

ताई, पणजीहून थेट फेरी नाही. पणजीच्या धक्क्यावरची फेरी बेतीला जाते, ती समोरासमोर. पण तुम्हाला हवं ते जमतं. पणजीहून जुन्या गोव्याची बस घ्या आणि रायबंदरला उतरा. बसमध्ये नदीच्या बाजूची सीट पकडा, कारण पाटोहून रायबंदरपर्यंतचा जो सरळ रस्ता आहे तो कोंद दे लिन्यारिस या व्हाइसरॉयने 1633-34 मध्ये दलदलीतून बांधून घेतलेला बांध, तीनेक किलोमीटर, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि कांदळवन. घाईत असलेल्याला तो नुसता रस्ता वाटतो, तुमच्यासारखीने तो बघायलाच हवा.

रायबंदरहून दिवाडी बेटाची फेरी घ्या, पायी माणसाला तिकीट नाही. चोडणची पण इथूनच सुटते तेव्हा चढताना विचारून घ्या. दिवाडी ओलांडून बेटाच्या दुसऱ्या धक्क्यावर या, तिथून जुन्या गोव्याची फेरी. आणि ही फेरी लागते कुठे तर व्हाइसरॉयच्या कमानीच्या जवळ. नवीन व्हाइसरॉय आला की याच वाटेने नदीतून वर यायचा आणि या कमानीतून शहरात शिरायचा. कमानीवर नदीकडे तोंड करून वास्को द गामाचा पुतळा आहे, त्याच्या पणतवाने बसवलेला. रस्त्याने येणारे सगळे त्याच्या पाठीकडून येतात. तुम्ही समोरून याल.

एकटीची काळजी करू नका. फेरीत रोजचे लोक असतात, मासळीवाल्या, पोरं, स्कूटरवाले. बेटावर ऊन मात्र लागतं, पाणी आणि टोपी घ्या.

प्रतिसाद – जुने गोवेकर

बाईंचा प्रश्न वाचून आनंद झाला. आमच्याकडे लोक बॉम जीझस बासिलिकेसमोर फोटो काढून तासाभरात परत फिरतात.

इन्क्विझिशनच्या वाड्याचं काही म्हणजे काही उरलेलं नाही. से कॅथेड्रलला लागून जो मोकळा चौक आहे तिथे तो होता. आज हिरवळ आहे, लोक सावलीत बसतात. मी कुणाला घेऊन गेलो की तिथे थांबतो आणि सांगतो, नाहीतर कुणाला कळतही नाही. सेकडे बघाल तेव्हा एकच मनोरा दिसेल, दुसरा 1776 मध्ये पडला. सोनघंटा उरलेल्या मनोऱ्यात आहे, पणजीच्या घंटेची थोरली बहीण म्हणा.

ऑगस्टीनचा मनोरा टेकडीवर, बासिलिकेहून चालत जा. 46 मीटर उंचीचा, सगळा जांभा दगड, अर्धा कोसळलेला. 1835 ला मठ रिकामा झाला, 1842 मध्ये छत आत पडलं, 1931 मध्ये दर्शनी भाग गेला. मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी जाता येतं. तुमची घंटा याच मनोऱ्यात होती, वर मोकळी कमान दिसेल. जमिनीवर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पाय न देता चाला. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष इथेच उत्खननात मिळाले, 2021 मध्ये ते भारताने जॉर्जियाला दिले.

आणखी एक, सेंट कॅजेटनजवळ आदिलशहाच्या वाड्याची काळ्या दगडाची चौकट उभी आहे, नुसती चौकट. पोर्तुगीज यायच्या आधीच्या शहराचं दिसणारं एवढंच. ती चुकवू नका. बासिलिकेत रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधल्या प्रार्थना) असतात, म्हणून ती शेवटी ठेवा. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, रविवारी चालू, आल्बुकर्कचा पुतळा तिथेच. आत्ता येताय ते उत्तम, 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू झाल्या की 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत पाय ठेवायला जागा नसते.

फोंड्याची बस जुन्या गोव्यातूनच, हमरस्त्यावर उभ्या राहा, बाणस्तारी-म्हार्दोळ करत जाते. पणजीला परत जायची गरज नाही.

प्रतिसाद – डिचोलीची

दिवाडी नुसती ओलांडू नका हो! सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं, कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी ते पाडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं गेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ उभं केलं. बेटावर जुनी तळी अजून आहे, गावात विचारा, दाखवतात. पणजीत दगड खाली गेले म्हणता तसा इथे देव नदी ओलांडून गेला. दिवाडीहून नार्व्याला पण फेरी आहे पण एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, धावपळ होईल. नार्व्याला पुढच्या खेपेला डिचोलीकडून या, मी येईन बरोबर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं, सकाळी सातची बस, रायबंदर, दिवाडी, तळी बघून दुसऱ्या धक्क्यावर, मग कमान, चौक, से, काळी चौकट, मनोरा आणि शेवटी बासिलिका-म्युझियम. रायबंदरकर, पुतळ्याच्या समोरून येणार हे वाचून तर आत्ताच निघावंसं वाटतंय. डिचोलीच्या ताई, नार्व्याचं नक्की, व्यनि (खाजगी निरोप) करते.

एवढं एकच अजून सांगा, दिवाडीत धक्क्यापासून धक्क्यापर्यंत ऊन फारच झालं तर पायलट (मोटरसायकल टॅक्सी) मिळतो का, आणि बेटावर सकाळी चहा-भजी कुठे?

प्रतिसाद – रायबंदरकर

पायलटचा भरवसा धरू नका, पण फेरीतून उतरणाऱ्या स्कूटरवाल्या बाईला विचारा, सोडते. चहा धक्क्याजवळच घ्या, आत गेल्यावर रविवारी सकाळी सगळे मिस्साला असतात.