बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग: नाशिकमध्ये लावावेत का, आणि लावले तर त्यातून काय घ्यावं?

धागाकर्ती, गंगापूर रोड
डोहाळजेवण उरकलं की घरात विषय निघतोच, वर्ग लावायचा का? एका बाजूला गर्भसंस्काराची आकर्षक पत्रकं, दुसऱ्या बाजूला "आमच्या वेळी कुठे होते वर्ग?" म्हणणाऱ्या आत्या. म्हणून इथे ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना बोलावलं आहे. काय कामी येतं, काय वाया जातं, नेमकं लिहा. स्वतःच्या बाळंतपणाच्या कथा नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

प्रसूतिकक्षातली परिचारिका, नाशिक रोड
वर्ग केलेली बाई ओळखू येते ती दवाखान्यात कधी पोहोचते त्यावरून. पहिलटकरणी फार लवकर येतात. गर्भाशयाचं तोंड जेमतेम दोन सेंटिमीटर उघडलेलं, मग तासन्‌तास पलंगावर, नातेवाईक दर अर्ध्या तासाने "अजून किती?" विचारणार, बाई खऱ्या कळा सुरू व्हायच्या आधीच दमलेली.

वर्गात एवढं तरी पक्कं व्हावं: कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजायचं. बरेच जण मधली विश्रांतीच मोजतात आणि आकडा चुकतो. दर ५ मिनिटांनी कळ, ती साधारण १ मिनिट टिकते, आणि असं तासभर चाललं की निघायचं. खोट्या कळा चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की विरतात. खऱ्या वाढतच जातात. दुसरेपणाला किंवा घर लांब असेल तर इतकं थांबू नका.

हे मोजमाप विसरून लगेच निघायची वेळ वेगळी: पाणी गेलं, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटली (कळा नसल्या तरी), रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं असह्य दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लक्षात ठेवा. हिरवट असेल तर दारातच सांगा.

आणि एकदा संध्याकाळी सात वाजता घरापासून दवाखान्यापर्यंत गाडी नेऊन बघा. द्वारका चौक मध्ये येत असेल तर नक्कीच. २०२७ च्या सिंहस्थात तारीख येणाऱ्यांनी पर्यायी रस्ताही ठरवावा.

फिजिओथेरपिस्ट, कॉलेज रोड
वेळेचं पटलं, पण श्वासही तितकाच महत्त्वाचा आहे, फक्त तो चुकीचा शिकवला जातो. भराभर "ही-ही-हू" करायला लावलं की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि बाई घाबरते. त्यापेक्षा नाकाने ४ मोजून आत, तोंडाने ६ मोजून बाहेर. खांदे आणि जबडा सैल. रोज दहा मिनिटं, नवव्या महिन्यात अचानक नाही.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ५ सेकंद आवळा, ५ सेकंद सोडा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. ओळख पटावी म्हणून लघवी रोखण्याची कल्पना करा, पण प्रत्यक्ष लघवी करताना सराव नको. वर्गात "आवळा, आवळा" एवढंच ऐकू येतं. बाळ बाहेर येताना ते स्नायू सोडता यायला हवेत, म्हणून निम्मा वेळ सोडण्याला द्या.

योनीमार्गाच्या खालच्या भागाचा मसाज ३४-३५ आठवड्यांपासून, आठवड्यातून एक-दोनदा, पाच मिनिटं. नखं कापलेली, हात धुतलेले, बोटाला खोबरेल. अंगठा तीनेक सेंटिमीटर आत, खाली आणि दोन्ही बाजूंना हळू दाब. ताण जाणवला पाहिजे, वेदना नाही. पहिलटकरणींना टाके पडण्याची शक्यता याने कमी होते. वार (नाळ जोडलेली असते ती) गर्भाशयात खाली असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा पाणी गेलं असेल तर करायचा नाही. हे शिकवायला संकोचणारे वर्ग मला अर्धवट वाटतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदिरानगर
पुराव्याचं सांगते. वर्गांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा) २००७ साली निघाला. नऊ चाचण्या तपासूनही ठोस फायदा सिद्ध झाला नाही. पण प्रसूतीत सतत सोबत असण्यावरचा २०१७ चा आढावा अगदी स्पष्ट आहे. २६ चाचण्या, १५,००० हून अधिक बायका: सोबत असली की नैसर्गिक प्रसूती वाढतात, कळांचा काळ थोडा घटतो, सिझेरियन कमी होतात. मग शिकवायचं कोणाला? सोबत्याला.

आपल्याकडे गाडी इथेच अडते. वर्ग नाशिकमध्ये नवऱ्याबरोबर, बाळंतपण मात्र माहेरी, चांदवडला नाहीतर संगमनेरला, आईबरोबर. अंबडच्या कंपनीतून रजा मिळून तो पोहोचेपर्यंत बाळ झालेलं असतं. कमरेवर दाब कसा द्यायचा, कोणत्या कुशीवर झोपवायचं, हे आईने शिकलेलंच नसतं. तेव्हा माहेरी जाण्याआधी एक सत्र आईलाही बसवा, व्हिडिओ कॉलवर चालेल. सरकारी दवाखान्यांत एक स्त्री सोबती आत ठेवावी अशा केंद्राच्या सूचना २०१६ पासून आहेत. खाजगीत नवऱ्याला आत घेतात का, कळांत फिरू देतात का, बाळाची वाट मोठी करायला खाली काप सरसकट देतात का, हे आधी विचारा. त्या दवाखान्यात चालणार नाही ते शिकून काय उपयोग?

गर्भसंस्कार आवडत असेल तर जरूर करा, मन शांत राहतं. मात्र ती प्रसूतीची तयारी नव्हे. नवव्या महिन्यात वाटीभर तूप पिऊन वाट निसरडी होत नाही, तूप जातं जठरात. एरंडेल तर नकोच. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं.

धागाकर्ती
मग किती सत्रं?

स्त्रीरोगतज्ज्ञ, इंदिरानगर
२८ ते ३४ आठवड्यांत चार पुरे: कळा, सोबत, सिझेरियन, दूध. बारा सत्रांचं पॅकेज विकत असतील तर बाकीच्या आठांत काय, हे विचारा.

भूलतज्ज्ञ, मुंबई नाका
सिझेरियनचं नाव काढलंत म्हणून लिहितो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. तरी वर्गात तो विषय पाच मिनिटांत गुंडाळतात, जणू नाव घेतलं की होतंच.

ठरवून करायचं असेल तर हलकं जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी. नेलपॉलिश काढा, बोटावरच्या यंत्राला ऑक्सिजन वाचायला अडचण येते. पाठीत सुई देताना मांजरासारखी पाठ वाकवायची आणि हलायचं नाही. याचा घरी सराव करता येतो. नंतर ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं, दुखत नाही. हुडहुडी भरणं नेहमीचंच आहे. कळांसाठी एपिड्युरल (पाठीत बारीक नळीतून दिली जाणारी वेदना कमी करणारी भूल) हवं असेल तर "देता का?" एवढंच विचारू नका. "रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ असतो का?" असं विचारा.

स्तनपान समुपदेशक, पंचवटी
चारातलं एकच सत्र करणार असाल तर दुधाचं करा. कळा काही तासांच्या, दूध महिनोन्‌महिने.

पहिल्या तासात बाळ छातीशी. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक पुरतो, पोट तेवढंच असतं. मध, गूळपाणी, घुटी काही नाही. मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. दुसऱ्या रात्री बाळ सारखं रडतं, घरचे म्हणतात "दूधच नाही", आणि बाटली येते. दूध भरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा. तोपर्यंत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं हाच उपाय, कारण बाळ ओढेल तसं दूध तयार होतं.

पकड अशी: तोंड मोठं उघडं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतो. दुखत राहिलं तर ओढून काढू नका, ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दूध पुरतंय का, ते रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओली, दुसऱ्या दिवशी दोन, सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून यायला हवं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर दाखवा.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट. दारं-खिडक्या बंद करून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतात. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाळाला टोपी, मोजे, आपल्यापेक्षा एक कपडा जास्त आणि आईची ऊब द्या. ओवा-शेपाची धुरीही बाळाच्या खोलीत नको. याबद्दल सासूबाईंशी कसं बोलायचं, हे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

आशा कार्यकर्ती, पेठ तालुका
आमच्याकडे फीचा वर्ग नाही, पण दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे रांगेत थांबलेल्या बायकांना हेच सगळं सांगता येतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे, तरी पैशाच्या भीतीने लोक उशीर करतात.

सातव्या महिन्यात माता-बाल संरक्षण कार्डाच्या पाठीमागे लिहून घ्यायचं: दवाखाना कोणता, सोबत कोण, घरी लहान मुलांकडे कोण, रक्त द्यायला तयार दोघं कोण, आणि रुग्णवाहिकेचे नंबर १०८, १०२. रात्री रेंज कुठे मिळते ती जागाही. शिवाय खाजगी जीपवाल्यांचे दोन नंबर ठेवा, एक नको. लग्नसराईत एकाची जीप हमखास वऱ्हाडाला गेलेली असते.