सर्च हिस्टरी सरकारी मागणीपासून वाचवण्यासाठी काय वापरावे?

मैत्रेयी: आम्ही अमेरिकेत राहतो. घरातील आजारपण आणि व्हिसा या दोन्हींविषयी मला सतत काही ना काही शोधावे लागते. २००६ साली लोकांच्या शोधांच्या नोंदी मिळवण्यासाठी अमेरिकेचे न्याय खाते गूगलविरुद्ध न्यायालयात गेले, आणि याहू, एओएल व मायक्रोसॉफ्ट यांनी मात्र मागितलेली माहिती काही प्रमाणात दिली होती, हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. पैसे न मोजता काय करता येईल, ते कृपया सुचवावे.

पांथस्थ: चांगले व्हीपीएन, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता लपवणारी सेवा, घ्या. मी वार्षिक वर्गणी भरली आहे आणि पूर्ण समाधानी आहे. महिन्याला दहा डॉलर ही काही मोठी रक्कम नव्हे.

सह्यवासी: मीही व्हीपीएन घेतले होते. त्यामुळे बँकेने माझे खाते गोठवले आणि वर्गणीही परत मिळाली नाही. शिवाय आपल्याच गूगल खात्यात लॉग-इन करून शोधणार असाल, तर पत्ता लपवून काय साधणार?

जुनाजाणता: २००६ च्या प्रकरणाचा विपर्यास होतो आहे. मुलांच्या ऑनलाइन संरक्षणासाठी केलेल्या १९९८ च्या कायद्याच्या बचावासाठी सरकारला शोधांचा नमुना हवा होता. कोणाचीही नावे मागितली नव्हती. न्यायाधीश जेम्स वेअर यांनी ५०,००० संकेतस्थळांचे पत्ते देण्यास सांगितले आणि लोकांनी शोधलेले शब्द मात्र देऊ दिले नाहीत.

ऋतुगंध: नावे वगळली म्हणजे माणूस सुरक्षित राहिला, हे मला अजिबात मान्य नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एओएलने सुमारे ६,५०,००० वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक घालून प्रसिद्ध केले, तेव्हा वार्ताहरांनी केवळ त्या शोधांवरून एका वृद्ध महिलेचे घर गाठले. आता तर पोलीस आधी शब्द ठरवतात आणि तो कोणी शोधला हे वॉरंट काढून विचारतात. अशा वॉरंटमधून मिळालेला पुरावा कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्राह्य धरला. म्हणून, मैत्रेयीताई, गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील अशी सोय आहे, ती आजच लावा. कंपनीकडे जे उरलेच नाही, ते कोणी मागून मिळत नाही. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो या खासगी खिडकीवर विसंबू नका, कारण तिच्यामुळे फक्त आपल्या संगणकावर नोंद राहत नाही, कंपनीकडे मात्र राहू शकते.

पांथस्थ: शोधांची नोंद न ठेवणारे डकडकगो हे सर्च इंजिन आणि त्याच्या जोडीला व्हीपीएन, असे मी पुन्हा सुचवतो.

सह्यवासी: वर्गणी भरण्यापूर्वी ती परत मिळण्याच्या अटी तरी वाचा.

मैत्रेयी: सर्वांचे आभार. मी व्हीपीएन घेणार नाही आणि सर्च इंजिनही बदलणार नाही. आजारपणाचे आणि व्हिसाचे शोध मी यापुढे सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकावर, कोठेही लॉग-इन न करता घेईन. २००५ मध्ये कनेक्टिकटमधील चार ग्रंथपालांनी वाचकांच्या नोंदींसाठी आलेल्या एफबीआयच्या मागणीपत्राला न्यायालयात आव्हान दिले आणि पुढच्या वर्षी सरकारने ती मागणी सोडून दिली. माझ्यासाठी असे भांडणारे कोणी असेल, तर माझा विश्वास त्यांच्यावर आहे.

ऋतुगंध: ग्रंथालयात जरूर जा, पण घरच्या खात्यातील जुन्या नोंदी आधी पुसून टाका.