उमाय या नावाचा अर्थ काय?

शब्दवेडी:
किर्गिझस्तानातली माझी एक ऑनलाइन मैत्रीण आहे, तिला मुलगी झाली आणि नाव ठेवलंय उमाय. मला फार गोड वाटलं नाव. अर्थ शोधायला गेले तर एका बाळनावांच्या साईटवर नशीब घेऊन येणारा पक्षी, दुसरीकडे चंद्र, तिसरीकडे चक्क आपली उमा! तिला कार्ड पाठवायचंय, त्यात अर्थाबद्दल दोन ओळी लिहायच्यात, तर चुकीचं काही लिहायचं नाहीये. कोणाला नीट माहितीये का? आणि उच्चार कसा करतात?

चांदणी७:
तुर्की भाषांत (किर्गिझही त्यातलीच) आय म्हणजे चंद्र ना, आयगुल, आयसुलु, अल्तिनाय ही नावं तशीच आहेत. त्यामुळे चंद्राचंच काहीतरी असणार.

जुनीपोथी:
@चांदणी७, तुम्ही दिलेल्या नावांत चंद्र आहे हे अगदी खरंय, पण उमायमध्ये तो नाही, तो सलग एकच शब्द आहे आणि खूप जुना. उमाय ही जुन्या तुर्की लोकांची (आजच्या तुर्कस्तानातले नव्हे, मंगोलिया-मध्य आशियातले) देवी, लेकरांची आणि बाळंतिणींची राखणदार. मंगोलियात ओर्खोन खोऱ्यात क्युल तेगिन या तुर्की राजपुत्राचा शिलालेख आहे, सन ७३२ चा, त्यात त्याचा थोरला भाऊ बिल्गे कागान (कागान म्हणजे सम्राट) सांगतो की वडील गेले तेव्हा माझा भाऊ सात वर्षांचा होता, आणि उमायसारख्या माझ्या आईच्या, खातूनच्या पुण्याईने त्याला पुरुषाचं, म्हणजे मोठेपणीचं नाव मिळालं. म्हणजे बघा, बापाविना वाढलेल्या पोराला नाव मिळतंय आणि त्याचं श्रेय आईला देताना तिला उमायची उपमा दिलीये! मला ही ओळ फार आवडते. ती खातून म्हणजे आपल्याला माहीत असलेलाच शब्द बरं का, तेव्हा राणीला म्हणायचे. तोन्युकुक या त्यांच्या मंत्र्याच्या शिलालेखात तर विजय मिळवून देणाऱ्यांत तेंग्री म्हणजे आकाशदेव, उमाय आणि पवित्र भूमी-जल अशी नावं एकत्र येतात, म्हणजे ती फक्त पाळण्यापाशी बसणारी देवी नव्हती.

आता शब्दाचा अर्थ. महमूद काश्गरीने अकराव्या शतकात तुर्की भाषांचा कोश केला, त्यात उमाय म्हणजे बाळंतपणानंतर पडते ती वार, पोटात असताना बाळाची सोबतीण. तिथेच एक म्हणही दिलीये, उमायची सेवा केली तर मूल होतं अशा अर्थाची. मंगोल भाषेत आजही उमाय म्हणजे गर्भाशय. सगळे धागे गर्भ आणि जन्माकडेच जातात.

पक्ष्याची गोष्ट येते ती फारसी हुमा पक्ष्यावरून. नावं सारखी वाटतात म्हणून काही अभ्यासकांनीही ती जोडलीयेत, पण या शिलालेखांत पक्षी कुठेही नाही, मी तरी कार्डात लिहिणार नाही. उमाचंही तेच, नुसत्या ऐकू येणाऱ्या सारखेपणावर नातं जोडता येत नाही.

भटकी:
जुनीपोथी +१. किर्गिझ लोक तिला उमाय एने म्हणतात, एने म्हणजे आई. सुईण बाळाला हात लावताना म्हणते, हा माझा हात नाही, उमाय एनेचा हात आहे. आणि अल्ताय भागातल्या तुर्की लोकांत असा समज की बाळ झोपेत हसलं की उमाय त्याला खेळवतेय, रडलं की ती बाजूला गेलीये. आपल्याकडे सटवाई हसवते म्हणतात ना, अगदी तसंच! पाळण्याला छोटं धनुष्यबाण बांधायची पद्धतही होती तिकडे, राखणीसाठी.

शब्दवेडी:
अहाहा, सुईणीचं वाक्य वाचून काटाच आला अंगावर. कार्डात तेच घालते. पण ते लोक मुस्लिम आहेत ना, देवीचा उल्लेख केलेला चालेल का?

भटकी:
बिनधास्त लिही. उमाय एने तिथल्या बायकांच्या तोंडात इस्लाम आल्यावरही टिकून राहिलीये आणि आईबापांनी नाव निवडलंय ते काही अपघाताने नाही. फक्त बाळाला उमाय एने म्हणू नकोस, ते देवीचं झालं, बाळ नुसतं उमाय. उच्चारताना जोर शेवटी, उ-माय, आणि य स्पष्ट येऊ दे.