शब्दचर्चा : ‘ब्रेकर’, ‘गतिरोधक’ की आणखी काही? ठरावात नेमकं काय लिहायचं

मूळ प्रश्न | दारव्हा तालुका, यवतमाळ

नमस्कार. आमच्या गावातून जाणारा रस्ता यंदा चांगला डांबरी झाला. पूर्वी गड्ड्यांमुळे गाड्या आपोआप सावकाश जायच्या. आता रेतीचे टिप्पर, काळीपिवळी आणि पोट्ट्यांच्या मोटारसायकली अंगणवाडीसमोरून सुसाट निघतात. बायकांनी ग्रामसभेत विषय घ्यायला लावला आणि ठरावाचा मसुदा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

तोंडी सगळे ‘ब्रेकर टाका’ म्हणतात. सचिव म्हणतात, कागदावर ‘गतिरोधक बसविणे’ पाहिजे. गुरुजींना तोही शब्द पटत नाही. त्यांच्या मते रस्त्याचं काम गती रोखण्याचं नाही, म्हणून ‘वेगनियंत्रक’ लिहावं. हे तीन शब्द एकाच वस्तूचे आहेत का? आणि क्रियापद कोणतं लावायचं: टाकणे, बसवणे, उभारणे?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. शेजारच्या गावानं ठरावात ‘ब्रेकर’ एवढंच लिहिलं होतं. कंत्राटदारानं उरलेली डांबरगिट्टी रस्त्यावर आडवी ओतली आणि काम झालं म्हणून निघून गेला. त्यावर दुधाच्या कॅन घेऊन जाणारे एक काकाजी पडले, त्यांच्या टोंगळ्याची (गुडघ्याची) वाटी फुटली.

अमरावती

ताई, आधी शब्दाची फोड करतो. ‘रोधक’ हा रुध् धातूपासून आला. अवरोध, विरोध, निरोध, प्रतिरोध हे सगळे त्याच घरातले. या घराण्याचा स्वभावच अडवण्याचा आहे. हिंदी वर्तमानपत्रांत ‘गतिरोध’ म्हणजे बोलणी ठप्प होणं, ज्याला आपण ‘कोंडी’ म्हणतो. विदर्भात घरोघरी हिंदी पेपरही वाचला जातो, त्यामुळे तो अर्थ आपल्या कानामागे असतोच.

शिवाय आपल्या शाळेच्या विज्ञानात ‘गती’ म्हणजे हालचाल, आणि ती किती भरभर होते त्याला ‘चाल’ किंवा ‘वेग’. म्हणजे काटेकोर अर्थ लावला तर ‘गतिरोधक’ हालचालच थांबवतो. गुरुजींचा आक्षेप शब्दार्थानं बरोबर आहे. तरी ‘गतिरोधक’ हा शब्द रूढ झाला आहे, पाट्यांवर आहे, बातम्यांत आहे. रूढ शब्दाचा अर्थ धातूवरून नाही, वापरावरून ठरतो.

क्रियापदांचं म्हणाल तर रबरी पट्टा खिळ्यांनी ‘बसवतात’, डांबराचा ‘टाकतात’ किंवा ‘करतात’. ‘उभारणे’ मात्र वर्तमानपत्री. पुतळा उभारावा, कमान उभारावी. चार इंच उंचीची वस्तू कशी उभारणार?

मोर्शी

काउन एवढं खोलात शिरता भाऊ? आमच्याइकडं लहान पोट्टं बी ब्रेकरच म्हनते. गाडीवर मांगं बुढी बसली असली अन् पुढं काही दिसलं, त आपन ‘आजी, ब्रेकर आला’ असं वरडतो. ते लगेच घट्ट धरते. ‘आजी, गतिरोधक आला’ म्हनेपर्यंत गाडी हवेत राहीन. सावध कराचा शब्द एका दमात तोंडातून निंगाला पायजे. पाटीवर तुमाले जे लिव्हाचं ते लिव्हा.

अमरावती

मोर्शीच्या भाऊंचं म्हणणं मला मान्य आहे. ‘ब्रेकर’ परका म्हणून टाकून द्यायचंही कारण नाही. ‘स्पीड ब्रेकर’ हे नाव मुख्यतः भारतीय उपखंडात चालतं. इंग्रज आणि अमेरिकन त्याला उंचवट्याच्या अर्थाचे शब्द वापरतात. म्हणजे हा शब्द एका अर्थी इथेच रुळून मोठा झाला. अडचण एवढीच की विहीर खोदताना खडक फोडणाऱ्या यंत्रालाही आपण ब्रेकरच म्हणतो आणि वीज तोडणाऱ्या बटणालाही. बोलताना घोळ होत नाही, अंदाजपत्रकात होऊ शकतो.

बाकीच्या भाषा काय करतात तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजांच्या बोलीत हा ‘झोपलेला पोलीस’, रशियनमध्येही ‘आडवा पडलेला पोलीस’. फ्रेंचमध्ये ‘गाढवाची पाठ’, अर्जेंटिनातही तसंच. कोणी धाक पाहिला, कोणी आकार. आपल्या ‘गतिरोधक’मध्ये आकार कुठेच नाही, फक्त अडवण्याचा हेतू आहे. मला वाटतं घोटाळा इथे आहे.

वर्धा, बांधकाम खात्यातून निवृत्त

अमरावतीकरांनी शेवटी जे लिहिलं त्यावर मी कामावर असताना पुष्कळ भांडलो आहे. ‘गतिरोधक’ या एका शब्दाखाली आपण वेगवेगळ्या चार वस्तू झाकतो. ताई, हे तुमच्या कामाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

एक म्हणजे अरुंद टेंगूळ. फूट-दीड फूट रुंद. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये काळा-पिवळा रबरी असतो तो. जिथे गाडी माणसाच्या चालीनंच जायची आहे तिथे तो ठीक. रस्त्यावर तो वाईट, आणि कारण नीट समजून घ्या. टेंगूळ इतकं अरुंद असतं की गाडी जोरात गेली तर चाक वर उचलून खाली येईपर्यंत धक्का स्प्रिंगमध्येच जिरतो. म्हणजे मोठ्या गाडीच्या चालकाला सावकाश जाण्यापेक्षा जोरात जाणं सुखाचं वाटतं. हळू जाणाऱ्याला आणि दुचाकीवाल्याला मात्र पूर्ण मार बसतो. ज्याला आवरायचं तो सुटतो, ज्याला वाचवायचं तो पडतो. तुमच्या शेजारच्या गावात हेच झालं.

दुसरी वस्तू म्हणजे रुंद पाठ. गाडी त्यावर चढते आणि उतरते. हा आकार ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात प्रयोग करून ठरला: बारा फूट रुंद, चार इंच उंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ साली काढलेल्या ‘आयआरसी ९९’ या मार्गदर्शक तत्त्वांत तोच घेतला. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर. हा आकार ताशी साधारण २५ किलोमीटर वेगानं ओलांडण्यासाठी आहे. तेवढ्या वेगात कोणालाच त्रास नाही, आणि वेग वाढेल तसा त्रास वाढत जातो. टेंगळाच्या बरोबर उलट.

गणित पडताळून पाहा. वर्तुळाच्या अशा चपट्या तुकड्याची उंची काढायला रुंदीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीनं भागतात. ३.७चा वर्ग १३.६९. त्याला १७च्या आठपटीनं, म्हणजे १३६नं भागा. उत्तर ०.१० मीटर येतं. आकडे कोणी अंदाजानं लिहिलेले नाहीत, एकमेकांत बसतात. म्हणून ‘उंची तेवढी ठेवू, रुंदी कमी करू’ असं कंत्राटदार म्हणाला तर ऐकू नका. रुंदी कमी केली की पाठीचं टेंगूळ झालं.

तिसरी वस्तू माथ्यावर सपाट असलेला चौथरा, वर पांढरे पट्टे. शाळेसमोर पोरांना त्यावरूनच रस्ता ओलांडता येतो. चौथी म्हणजे रंबलर, जाड रंगाच्या बारीक पट्ट्यांची ओळ. ती गाडी उचलत नाही, फक्त थरथरवते आणि चालकाला जागं करते. घराजवळ रंबलर मागू नका, रात्री टिप्पर गेला की खिडक्या वाजतात.

वणी

आमचा प्रश्न मोठ्या रस्त्याचा आहे. कोळशाचे ट्रक दिवसरात्र. अपघात झाला की गाव रस्त्यावर बसतं, मग घाईघाईत एक ब्रेकर मिळतो, आणि नवं डांबर पडलं की तो त्याखाली जातो. वर्ध्याच्या काकाजींना विचारतो, मोठ्या रस्त्यावर यातलं काय मागायचं?

वर्धा, बांधकाम खात्यातून निवृत्त

कडू वाटेल, पण खरं ते सांगतो. ती १९८८ची तत्त्वं (२०१८मध्ये ती सुधारली गेली) शीर्षकातच ‘दुय्यम रस्त्यांवरील’ असं म्हणत होती. राष्ट्रीय महामार्गांवर गतिरोधक नकोत, आहेत ते काढा, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयानं २०१६मध्ये कळवलं. ऐंशीच्या वेगानं येणाऱ्या लादलेल्या ट्रकसमोर अचानक उंचवटा ठेवला तर मागचा ट्रक पुढच्यावर जातो. मोठ्या रस्त्यावर गावाच्या अलीकडे रंबलर, पाट्या, उजेड, रस्ता अरुंद भासेल असे कठडे मागता येतात. पाठीचा गतिरोधक करायचा तो गावातून मोठ्या रस्त्यावर चढणाऱ्या फाट्यावर.

वणी

म्हणजे धडक मारणार ट्रक आणि थांबायचं आमच्या बंडीनं, सायकलवरच्या पोरीनं. नियम असेल तर असेल. आमच्या गावाला हा न्याय वाटत नाही, आणि तुम्ही कितीही समजावलं तरी वाटणार नाही. रंबलरनं जो जागा होतो तो थांबतोच असं नाही.

वर्धा, बांधकाम खात्यातून निवृत्त

तुमचा राग रास्त आहे. वेगाचा फरक किती जीवघेणा असतो ते मला माहीत आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ३०च्या ऐवजी ५०नं गाडी आली तर ऊर्जा जवळपास पावणेतीनपट. म्हणून मोठ्या रस्त्यावर खरी मागणी बायपासची किंवा भुयारी वाटेची असायला हवी. ती लावून धरा.

धारणी, आशा कार्यकर्ती

एक बाजू सुटते आहे. आम्ही बाळंतपणाची बाई घेऊन निघतो तेव्हा गावागावात आपापल्या मनानं केलेले मुरमाचे, ओंडक्यांचे ब्रेकर लागतात. प्रत्येकावर ती किंचाळते. १०८चा ड्रायव्हर अगदी पावलाच्या चालीवर येतो तरी धक्का बसतोच. काकाजी म्हणतात तशी रुंद पाठ असली तर एवढा त्रास होत नाही, हे मी बघितलं आहे. म्हणून ब्रेकर नकोच असं माझं म्हणणं नाही. पण ‘जितका उंच तितका चांगला’ असं गावात बोलतात ना, ते थांबवा.

अकोट

शब्दाकडे परत येतो. ‘वरंबा’ कसा वाटतो? आपण कास्तकार माणसं, रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरतो. वरंबा म्हटलं की रुंद, बुटका, दोन्हीकडं उतरता असा आकार कोणालाही दिसतो, ढीग दिसत नाही. आणि उताराला आडवा वरंबा पाण्याला कोंडून ठेवत नाही, त्याची धाव मोडतो. पाणलोटाच्या कामात आपण म्हणतोच, पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा. गाड्यांचंही तेवढंच करायचं आहे. ‘रोधक’ शब्दानं लोकांच्या मनात बांध उभा राहतो, म्हणून ते उंची मागतात. मला तर वाटतं, शब्द बदलला तर मागणी बदलेल.

अमरावती

हा शब्द मला फार आवडला. ‘रस्त्याचा वरंबा’. ग्रामसभेत समजावताना हाच वापरावा. ठरावात मात्र एकटा नको, तालुक्याच्या टेबलावरचा बाबू त्याचा अर्थ शेतीचा लावेल आणि कागद कृषी विभागाकडे पाठवेल. ‘वेगनियंत्रक’ही नको, कारण तो वाहनांच्या इंजिनाला लावायच्या यंत्राचं नाव म्हणून वापरतात. रूढ ‘गतिरोधक’ ठेवून पुढे आकाराचं विशेषण जोडा.

मूळ प्रश्न | दारव्हा तालुका

सगळ्यांचं वाचून मसुदा असा केला आहे:

‘अंगणवाडीच्या दोन्ही बाजूंस रस्त्यावर रुंद, गोलाकार माथ्याचे गतिरोधक (ब्रेकर) करणे. रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटिमीटर. त्यापूर्वी ४० मीटरवर सूचनाफलक लावणे, गतिरोधकावर रात्री दिसतील असे पट्टे रंगविणे, दोन्ही कडांना पावसाचे पाणी नालीत जाण्यास वाट ठेवणे. पुन्हा डांबरीकरण झाल्यास हीच मापे कायम राखणे.’

पाण्याचं कलम मी घातलं. आमच्या काळ्या मातीत रस्त्यावर पाणी साचलं की एका पावसाळ्यात ब्रेकरपुढं गड्डा होतो.

वर्धा, बांधकाम खात्यातून निवृत्त

चांगला झाला आहे. एक शब्द ताबडतोब बदला: ‘रुंदी’. एकेरी रस्त्याच्या डांबराची रुंदी ३.७५ मीटर असते. तुम्ही ‘गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर’ लिहिलं की कंत्राटदार म्हणेल, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घातला, माप पूर्ण झालं. आणि दुसऱ्या बाजूनं फूटभरच ठेवील. दोन आकडे इतके जवळ आहेत की अभियंत्यालाही मोजवहीत ते खटकणार नाही. मी अशी बिलं पाहिली आहेत.

अकोट

मग ‘लांबी’ लिहायची का?

वर्धा, बांधकाम खात्यातून निवृत्त

‘लांबी’लाही तोच धोका. वरंब्याची लांबी म्हटलं तर तुम्ही कोणती बाजू धराल? लांब बाजू, म्हणजे पुन्हा रस्त्याला आडवी. इथे एका शब्दानं भागत नाही, वाक्यच लिहावं लागतं.

मूळ प्रश्न | दारव्हा तालुका

असं करते: ‘वाहन ज्या दिशेने जाते त्या दिशेने, चढाच्या सुरुवातीपासून उताराच्या शेवटापर्यंत ३.७ मीटर; रस्त्याला आडवा, संपूर्ण डांबरी पट्ट्यावर.’ सोबत कागदावर एक आकृती काढून जोडते. काम झाल्यावर बायका बारा फुटांची दोरी घेऊन मोजतील, असंही सभेत सांगणार आहे.

अमरावती

उत्तम. आणि ‘गतिरोधक’ लिहिताना ‘ति’ ऱ्हस्व. सुटा शब्द ‘गती’ दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. फलक रंगवणाऱ्याला कागदावर लिहूनच द्या, बहुतेक पाट्यांवर ‘गतीरोधक’ असतं.

मोर्शी

ताई, पाटीवर खाली ‘ब्रेकर’ बी मोठ्या अक्षरात टाका. टिप्परवाले सगळे मराठी वाचनारे नाईत, अन् हा शब्द त्याईलेही समजते.