चहा ‘भिजवायचा’ की ‘मुरवायचा’? आणि घोट गेल्यावर मागून येणाऱ्या गोडीला काय म्हणायचं?

ओसरीवरची

मंडळी, एक शब्द हवाय. खरं तर दोन.

भाचा चीनमध्ये निंगबोला नोकरीला असतो, एप्रिलअखेरीस आला तेव्हा लोंगजिंग नावाच्या तिकडच्या ग्रीन टीचा ५० ग्रॅमचा डबा घेऊन आला, आणि किंमत सांगितल्यावर मी तो डबा चांदीच्या वाट्यांशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो झोपेत असताना मीच हौसेनं करायला गेले. आधण ठेवलं, खळखळून उकळी आली, दोन चमचे पत्ती टाकली, गॅस बारीक करून पाच मिनिटं झाकलं. जे काय झालं ते पालक उकडल्यावर उरलेलं पाणी होतं आणि वर कडूझार. भाचा उठला, वास घेतला, पातेल्यात बघितलं आणि नुसताच खुर्चीत बसला. मग म्हणाला, मावशी अगं हा उकळायचा नसतो, ब्रू करायचा असतो. म्हटलं मराठीत सांग, तर त्याला सांगता येईना, आणि गंमत म्हणजे मलाही येईना.

संध्याकाळी त्यानं काचेच्या ग्लासात करून दिला. पहिला घोट, खरं सांगते, गरम पाणीच. म्हणणार होते तसं, पण गिळल्यावर दोनेक सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला गोड लागलं. साखरेचं गोड नाही, आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की लागतं ना, ते. तिकडे त्याला ‘ह्वेगान’ म्हणतात म्हणे, परत येणारं गोड.

तर प्रश्न असे: १) ही जी न उकळता चहा करायची क्रिया आहे तिला मराठी क्रियापद कुठलं? २) ह्वेगानला काय म्हणावं?

पेठेतला

पहिल्या प्रश्नात मुळातच घोळ आहे, ताई. आपली चहाची सगळी क्रियापदं शेगडीवरची आहेत. चहा ठेवला, चहा टाकला, चहा उकळला, विदर्भात चहा मांडला. ‘चहा टाक गं’ म्हणताना टाकायचा तो आधणातच, हे गृहीतच धरलेलं असतं. आता बिनउकळीचा चहा आपल्याकडे नव्हताच असंही नाही, किटलीत पत्ती घालून वरून पाणी ओतून टिकोजी घालायची पद्धत काही घरांत होतीच, तिथे ‘मुरू दे जरा’ असं म्हणायचे हे मी स्वतः ऐकलंय. माझं मत मुरवणे. भिजवणे मला पटत नाही, भिजवतात ते साबुदाणा नाहीतर कपडे.

शेवटचा_कप

मुरायला महिना लागतो हो, लोणचं मुरतं, मोरांबा मुरतो. दोन मिनिटांत काय मुरणार?

शीहूकाठी

लोंगजिंग जिथे होतो त्या हांगचौला पाच वर्षं काढलीत त्यामुळे बोलतो. पेठेतले काका भिजवण्याला नाक मुरडतायत, पण खुद्द चिनी लोक काय म्हणतात माहितीये का? ‘फाव छा’. फाव म्हणजे भिजत घालणे. कपडे फाव, झटपट नूडल्स फाव, दमून आल्यावर गरम पाण्यात पाय घालून बसायचं तेही फाव. हजारो रुपयांचा चहा आणि पाय शेकणं, एकच क्रियापद. त्यामुळे ‘भिजवणे’ हलका शब्द आहे म्हणून सोडू नका.

आणि तेही पूर्वी उकळायचेच. आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसानं चहावर अख्खा ग्रंथ लिहिला त्यात चहाच्या वड्या भाजून, कुटून, पूड करून पाण्यात उकळायचं सांगितलंय, आणि चक्क मीठसुद्धा घालायला सांगितलंय. नंतर सुंग घराण्याच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) पूड वाडग्यात घुसळायची पद्धत आली. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानं फर्मान काढलं की नजराण्याला वड्या नकोत, सुटी पत्ती पाठवा, आणि मग हळूहळू पत्तीवर पाणी ओतून प्यायचं सगळीकडे रुळलं. म्हणजे कृती बदलली तसं त्यांनी क्रियापद बदललं. आपण कृती बदलतोय आणि क्रियापद जुनंच ठेवतोय, म्हणून तुमचं पातेलं झालं.

कुर्लीचा_रस्सा

शीहूकाठी, त्या लू यू का कोण त्यानं पाण्याच्या उकळीचे प्रकार सांगितलेत ना? कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.

शीहूकाठी

हो, तीन. पहिल्या उकळीला माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे आणि बारीक आवाज, दुसऱ्या उकळीला कडेनं मोत्यांच्या माळा, तिसऱ्याला लाटा. त्यापुढे पाणी म्हातारं होतं म्हणाला, पिऊ नका. पुढे सुंग काळातल्या कवींनी माशाच्या डोळ्यांच्या आधी खेकड्याचे डोळेही घातले, ते आणखी बारीक.

कुर्लीचा_रस्सा

हां!! खेकड्याचे डोळे म्हणजे आमचाच प्रांत 😄 कुर्लीचा डोळा मोहरीहून थोडासाच मोठा असतो. म्हणजे तळाला मोहरीएवढे बुडबुडे धरले की लोंगजिंगला पाणी तयार, साबुदाण्याएवढे झाले की उशीर. थर्मामीटर कशाला पाहिजे.

आणि क्रियापदाचं म्हणाल तर ‘वैरणे’ कुणालाच कसं आठवलं नाही? आजी आधणात तांदूळ वैरायची, पिठलं करताना पीठ वैरायची. गरम पाण्यात वरून सोडायचं ते वैरणं.

शीहूकाठी

क्या बात है. ह्याला नेमकी जागा आहे. तिकडे ग्लासात चहा घालायच्या तीन पद्धती: आधी पत्ती मग पाणी, किंवा थोडं पाणी मग पत्ती मग उरलेलं पाणी, किंवा सगळं पाणी आधी ओतून वरून पत्ती सोडायची. ही तिसरी म्हणजे तुमचं वैरणं. ती बिलोछुनला वापरतात, सुचौजवळ थायहू तळ्याकाठी होतो तो, अगदी कोवळा, गोगलगाईसारखा वळलेला आणि पांढरी लव असलेला. पाण्यावर वैरला की लव सोडत एकेक कोंब बर्फ पडल्यासारखा खाली जातो. लोंगजिंगला मात्र पहिली नाहीतर दुसरी पद्धत, चपटी पत्ती असते, वरून टाकली तर तरंगत बसते आणि मिशीला लागते.

प्रमाण लिहून ठेवतो, नाहीतर पुन्हा पातेलं व्हायचं. १५० मिली पाण्याला ३ ग्रॅम पत्ती, म्हणजे मोठे दोन चमचे, चपटी असल्यामुळे चमच्यात फार मावत नाही. पाणी ८० अंशांच्या आसपास. आधी ग्लासाच्या चतुर्थांश पाणी घालून पत्ती ओली करायची, हलवायची, वास घ्यायचा, मग उरलेलं पाणी उंचावरून. दीड-दोन मिनिटांनी प्यायला लागायचं. आणि सगळा ग्लास संपवायचा नाही, एक तृतीयांश तळाला ठेवून त्यावर पाणी घालायचं, ह्याला ते ‘मूळ राखणं’ म्हणतात. असे तीन ग्लास सहज निघतात, दुसरा सगळ्यात चांगला.

ओसरीवरची

म्हणजे विरजणाला ठेवतो तसं!

पेठेतला

विरजण, वैरण, साबुदाणा. ठीक आहे, मुरवणे मागे घेतो. पण मग साधं ‘ओतीव चहा’ का नको? उकळीव चहा आणि ओतीव चहा. ओतीव दागिना म्हणतो तसं.

अनुस्वार

ओतीव छान आहे, मला आवडला.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे ह्याला तयार शब्द आहे, आयुर्वेदातला, ‘अनुरस’. पदार्थाची जी चव आधी आणि ठळक लागते तो रस, आणि जी मागून, अस्पष्ट लागते तो अनुरस. इथे काही जण ‘विपाक’ म्हणतील त्यांना आधीच सांगते, विपाक पचनानंतरचा, तो जिभेला कळत नाही. आवळ्याचा विपाक मधुर सांगितलाय ते वेगळं आणि आवळ्यावर पाणी गोड लागतं ते वेगळं.

अजून एक. षड्रसांत तुरट ही स्वतंत्र चव धरलीय. पाश्चात्त्य शास्त्रात ती चव नाही, स्पर्श आहे, जीभ आखडल्याची जाणीव. चिनीतही कडू आणि तुरट दोन वेगळे शब्द आहेत ना?

शीहूकाठी

आहेत, ‘खू’ कडू आणि ‘स’ तुरट. म्हणच आहे त्यांच्यात, कडू नाही, तुरट नाही, तर तो चहाच नाही. फक्त कडवटपणा रेंगाळता कामा नये, विरघळला पाहिजे. विरघळून गोड झाला तर ह्वेगान, आणि बसून राहिला तर नुसताच कडू, पैसे वाया.

मोहरीच्या बुडबुड्यांचं कारणही इथेच आहे. चहात थिअनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, १९४९ साली जपानमध्ये शोधलं गेलं, गोडसर-रुचकर चव त्याची, आणि ते कमी गरम पाण्यातही भराभर उतरतं. तुरट करणारी कॅटेचिन आणि कडू कॅफीन पाणी जितकं कढत तितकी जास्त उतरतात. उन्हाळा चढला की पानातलं थिअनिन कमी होत जातं आणि कॅटेचिन वाढतं, म्हणून छिंगमिंगच्या, म्हणजे ४-५ एप्रिलच्या आधी खुडलेला ‘मिंगछ्येन’ चहा सगळ्यात महाग. छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडायचा सण.

कुर्लीचा_रस्सा

अनुरस बरोबर असेल पण पंगतीत बोलता येणार नाही. ‘काय मस्त अनुरस आलाय’ म्हटलं तर लोक काढा समजतील. मी ‘आवळागोड’ म्हणेन. ऐकल्याबरोबर कळतं.

शेवटचा_कप

दीडशे मिली पाण्यात तीन ग्रॅम पानं बुडवून एवढी चर्चा. आमच्या भाषेत ह्याला एक जुना शब्द आहे: फुळकवणी.

अनुस्वार

फुळकवणी म्हणजे मुळात दाट असायला हवं ते पातळ झालेलं. हे पातळच असायचंय. आमसुलाच्या साराला कुणी फुळकवणी म्हणतं का?

शीहूकाठी

अहो अनुस्वारताई, तुम्ही सहज म्हणालात पण चिनीत चहाच्या पाण्याला ‘छा-थांग’ म्हणतात, थांग म्हणजे सूप. आपलं सार! आणि साराचा दुसरा अर्थही आहेच.

ह्याच ओघात ‘शियेन’ सांगून टाकतो, कारण चांगल्या हिरव्या चहाला तिथे पहिली शाबासकी ह्याच शब्दानं देतात. ताजं आणि रुचकर, दोन्ही एकदम. अक्षर लिहिताना मासा आणि मेंढी शेजारी शेजारी काढायची. चव म्हणाल तर कटाच्या आमटीतला कट, मसाला घालायच्या आधीचा, किंवा ओल्या मटाराच्या शेंगा उकडल्यावरचं पाणी. ह्याला मराठी शब्द मला पाच वर्षांत सापडला नाही.

पेठेतला

आणि वासाला? डब्यावर चेस्टनट लिहिलेलं असतं, ते कोणी खाल्लंय इथे.

ओसरीवरची

मी सांगते, कोरडी पत्ती गरम ग्लासात टाकून हुंगली तर हुरडा. शपथ. जानेवारीतला, कणसं आगटीतून काढून हातावर चोळतात तेव्हाचा, भाजका पण आतून हिरवा गोड.

शीहूकाठी

अगदी, आणि कारणही तेच आहे, कोवळं असताना भाजलेलं. पत्ती खुडून जरा पसरून सुकवली की तापलेल्या लोखंडी कढईत हातानं परततात, दाबत, घासत, त्याच्या हाताच्या दहा हालचाली आहेत आणि दहांना दहा नावं. पहिल्या भाजण्याला म्हणतात ‘शाछिंग’, शब्दशः हिरवं मारणे. उष्णतेनं पानातली विकरं मेली की पान काळं पडायचं थांबतं.

अनुस्वार

‘कच्चा वास मरेपर्यंत भाजा’ हे आपलंच पाककृतीतलं वाक्य. फक्त जपून, वास ‘मरतो’ ते चांगलं, ‘मारतो’ ते वाईट, एका कान्याचा फरक.

शीहूकाठी

😂 गंमत म्हणजे सिनेमाचं शूटिंग संपलं की त्यालाही तिकडे शाछिंग म्हणतात. मूळ बांबूच्या पट्ट्यांवर लिहायचे तेव्हाचं, त्या आधी विस्तवावर शेकून हिरवेपणा घालवायचे.

घेताना एक बघा. पत्ती पोपटी हिरवीगार असेल तर भुलू नका. चांगल्या लोंगजिंगच्या रंगाला जुने लोक हातसडीच्या तांदळाचा रंग म्हणतात, हिरव्यात पिवळसर झाक. मी इथे आल्यावर ऑनलाइन मागवला होता एकदा, रंग असा की होळीला चालला असता, आणि वास जुन्या वहीचा. परतही घेतला नाही त्यांनी. आणि डबा फ्रिजमध्ये ठेवलात तर दोनदा हवाबंद करा, नाहीतर चहाला लसणाचा अनुरस येईल.

माडाची_सावली

उशिरा आले, गोव्याहून. मूळ शब्दाबद्दल कोणीच बोललं नाही? चिनी छा, पोर्तुगीजही ‘शा’, ते मकावहून जहाजानं नेत म्हणून, आणि इंग्रजांचा टी मात्र फूजियेनच्या किनाऱ्यावरच्या ‘ते’वरून, डचांमार्फत. आणखी, ‘हिरवा चहा’ असं भाषांतर करू नका, बऱ्याच ठिकाणी हिरवा चहा, ओला चहा म्हणजे गवती चहा. माझ्या आईला ग्रीन टी आण म्हटलं तर ती परसात जाते.

ओसरीवरची

सगळ्यांचे आभार. आज मोहरीएवढे बुडबुडे धरून केला. भाच्याच्या हातचा नाही झाला पण आवळागोड आला, दुसऱ्या ग्लासाला जास्त. ओतीव चहा पक्का केलाय, सासूबाईंनीही उचललाय. त्यांना बशीत ओतून दिला आणि त्यांनी मस्त भुरका मारला, तर भाचा म्हणाला की चहा पारखणारेही असाच भुरका मारतात, हवा मिसळली की वास नाकात चढतो. त्या म्हणाल्या, मग आमचं काय चुकत होतं इतकी वर्षं.

एकच राहिलं, ग्लासातल्या उरलेल्या पानांना काय म्हणायचं? चोथा म्हणवत नाही, इतकी सुंदर उमलतात, कोंब भाल्यासारखा आणि पान निशाणासारखं.

शीहूकाठी

ते लोकही भाला-निशाणच म्हणतात कोंबाला आणि पानाला! उरलेल्या पानांना ‘यती’, पानांचा तळ. पारखणारे ते ताटलीत पसरून बघतात, सगळी एका मापाची आहेत का, तुटलीत का, करपलीत का. हांगचौत ह्याच चहाबरोबर कोलंबी परततात, प्रसिद्ध पदार्थ आहे.

कुर्लीचा_रस्सा

कोलंबी वाचून राहवलं नाही. माझ्याकडे साधाच चिनी ग्रीन टी होता, त्याचा तीनदा वापरलेला चोथा (मी चोथाच म्हणणार) पिळून, तांदळाचं पीठ आणि मीठ लावून कोलंबीबरोबर तळला. फोटो काढायच्या आत संपला.