मदत हवी आहे: पुढे-पुढे करणाऱ्यालाच बढती, लेखी तक्रार करू का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर आहे, खानापूरहून रोज ये-जा करतो. टूल लागल्यावर कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) ब्लोहोल, म्हणजे आतली हवेची पोकळी, उघडा पडला की मी तो जॉब (भाग) तिथंच बाजूला काढतो आणि रजिस्टरला नोंद करतो. शिफ्टमधला दुसरा एकजण मात्र सतत साहेबांच्या मागे-पुढे. त्यांच्या घरी कुंदा पोचवायचा, गाडी सर्व्हिसिंगला न्यायची, आणि मी केलेलं मशीनचं सेटिंग स्वतःचं म्हणून दाखवायचं. यंदा शिफ्ट इन्चार्ज तोच झाला. पगाराचं सोडा, हे मनाला फार लागलं.

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती असावी लागते, एवढं मला माहीत आहे. आमच्याकडे तिचं नावही कुणी काढत नाही. मग अर्ज थेट एचआरला द्यावा, की आधी साहेबांशी बोलावं? रजिस्टरच्या नोंदी पुरावा म्हणून चालतील का? अर्ज कानडीतच लागेल की इंग्रजीत चालतो? नोकरी सोडता येणार नाही, घर यावरच चालतं. उद्यमबाग, मच्छेकडं कुणी अशी तक्रार केली असेल तर पुढं काय झालं ते जरूर सांगा.