बारावी फिजिक्स: कोनीय वेग समजेल असं पुस्तक सुचवा (बजेट 400)

तापीकाठची: मुलगा बारावी सायन्सला, आम्ही भुसावळचे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, तिथेच गाडी अडली. सूत्रं पाठ आहेत, पण पंख्याच्या पात्याचं टोक जोरात जातं की मधला भाग, विचारलं की गप्प. मराठीतून समजावणारं पुस्तक हवं. क्लास नको.

रावेरी केळं: क्लासच लावा. आम्ही जळगावला 45 हजार भरले. पहिल्या चाचणीत 11 मार्क पडले ते सोडा, पण वातावरण मिळतं.

गिरणीवाला पारोळा: ताई, त्याला गिरणीत पाठवा. आमची मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते. तिची पुली 4 इंची, जात्याची 12 इंची. पट्टा एकच, म्हणून दोन्ही पुल्यांच्या कडेचा वेग सारखा. पण जातं फिरतं 480 फेरे, म्हणजे कोनीय वेग एक तृतीयांश. पंख्याचं उलटं. अख्खं पातं एकत्र फिरतं, कोनीय वेग सगळीकडे तोच, टोकाची त्रिज्या मोठी म्हणून रेषीय वेग जास्त.

निवृत्त वायरमन: बरोबर. 350 फेऱ्यांचा पंखा धरा. दोन पायनं (2π) गुणा, 60 नं भागा, सेकंदाला साधारण 36.7 रेडियन (रेडियन म्हणजे कोन मोजायचं एकक). टोक मध्यापासून 60 सेंमी, म्हणजे सेकंदाला 22 मीटर, ताशी 79 किमी. लोडशेडिंगमध्ये शून्य.

चाळीसगावकर: कन्नड घाटात वळणावर खडीवरून माझी गाडी घसरली. केंद्रापसारी बलानं बाहेर फेकलं, खांद्याचं हाड गेलं. पुस्तकात हे नसतं.

निवृत्त वायरमन: फेकलं कोणी नाही हो. आत वळवणारं घर्षण खडीमुळे कमी पडलं, तुम्ही सरळ गेलात. गोफणीतला दगडही सुटला की स्पर्शिकेनं जातो.

चाळीसगावकर: रस्त्यावर मी पडलो होतो, तुम्ही नव्हे.

धुळ्याचा भो: गोफण! आजोबा दादरच्या (ज्वारीच्या) शेतात मचाणावरून पाखरं हाकलायचे. आता दादर पेरतो कोण भो, सगळा कापूस.

रावेरी केळं: दादरची भाकरी अन् भरीत! क्लासवाले हप्ते पाडून देतात बरं.

अमळनेरची मास्तरीण: बोर्डाच्या पुस्तकाचं पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण पेपरही इंग्रजीतच लिहायचाय. आधी रेडियन पक्कं करा. ताटाच्या त्रिज्येएवढा दोरा काठावर चिकटवा, त्याच्या दोन टोकांपासून मध्यापर्यंत रेघा ओढा. मधला कोन एक रेडियन, साधारण 57.3 अंश. मग व्ही बरोबर आर ओमेगा (रेषीय वेग = त्रिज्या × कोनीय वेग) पाठ करावं लागत नाही.

तापीकाठची: आभार सगळ्यांचे. शेवटी 620 चं इंग्रजी गाईड घेतलं. मित्राकडे तेच आहे म्हणून हटून बसला. गल्लीतल्या गिरणीत मात्र गेला. गिरणी बंद असताना पुल्यांना खडूच्या खुणा केल्या, हातानं फिरवून मोजलं. लहानीचे तीन फेरे, मोठीचा एक. दळण आणायचं विसरला.

नवीन सदस्य: ताई, बोर्डाचं पीडीएफ फुकट मिळतं. पैसे घालवू नका.